वजन उतरवा, पण ताकद राखा

डॉक्टरांनी "वजन कमी करा" असे बजावले की आपल्या घरांतून दोन गोष्टी ताबडतोब होतात. रात्रीची भाकरी बंद होते आणि पहाटेचे पळणे सुरू होते. साखर वाढलेली असते, रक्तदाब वाढलेला असतो, गुडघे बोलू लागलेले असतात. म्हणून घरातले सगळेच धीर देतात. दोन महिन्यांत सहा-सात किलो उतरतात, शेजारीपाजारी कौतुक करतात. पण तिसऱ्या महिन्यात वेगळेच जाणवू लागते. पूर्वी सहज खांद्यावर जाणारे ५० किलोचे सिमेंटचे पोते जड लागते. भरलेला सिलिंडर जिन्याने नेताना मध्येच टेकवावा लागतो. पाण्याची कळशी उचलताना हात कापतो. वजन उतरले, तर अंग हलके वाटायला हवे. ते उलट जड का वाटते, असे आम्हांला वारंवार विचारले जाते. आजचे सदर याच प्रश्नासाठी आहे.

उत्तर थोडक्यात असे की, काट्यावरून जे उतरले ती सगळी चरबी नव्हती. तिच्याबरोबर स्नायूही उतरले. ज्याची नोकरी खुर्चीवरची आहे त्याला हे लवकर कळतही नाही. पण गोदामात, बांधकामावर, बाजार समितीत, सफाई खात्यात किंवा चार घरची धुणीभांडी करून ज्यांचे घर चालते, त्यांचे अंग हेच त्यांचे भांडवल आहे. साखर आटोक्यात आली पण अंगातला कस गेला, तर खाडे पडतात आणि घरात औषधाऐवजी उसनवारीची चिंता सुरू होते. म्हणून वजन कसे उतरवावे याच्या इतकेच, उतरवताना ताकदीचा व्यायाम कसा बदलावा हेही आपण नीट समजून घेतले पाहिजे.

काटा सगळे सांगत नाही

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच उदाहरणे छापली होती. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. आपल्याकडच्या माणसांत चरबी अधिक आणि स्नायू कमी अशी ठेवण पुष्कळ आढळते. हातपाय बारीक, पोट तेवढे पुढे, अशी माणसे प्रत्येक चाळीत दिसतात. ज्यांची मुळात स्नायूंची पुंजी कमी, त्यांनी ती आणखी गमावणे परवडणारे नाही. शिवाय जेवणातून आलेल्या साखरेचा मोठा भाग स्नायूंतच साठवला जातो आणि तिथेच खर्ची पडतो. म्हणजे मधुमेह्याने स्नायू गमावणे हे दुहेरी नुकसान आहे.

काट्यावर चरबी, स्नायू, हाडे आणि पाणी हे सगळे एकत्र मोजले जाते. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला विनेश फोगाट हिला ५० किलो गटाच्या अंतिम कुस्तीपूर्वी केवळ १०० ग्रॅम वजन जास्त भरल्यामुळे बाद ठरवण्यात आले, हे वाचकांना आठवत असेल. स्पर्धेच्या आदल्या रात्री मल्ल वजन उतरवतात ते बहुतेक घामावाटे गेलेले पाणी असते. तो खेळाडूंचा, देखरेखीखालचा आणि तरीही धोक्याचा प्रकार आहे. प्लॅस्टिकचा कोट घालून पळणे, दिवसभर पाणी न पिणे असल्या गोष्टींनी साखर किंवा पोट उतरत नाही. तालमीतल्या मुलांनी आणि त्यांच्या वडिलांनी हे ध्यानात ठेवावे.

स्नायू का जातात?

घरात पगार कमी आला तर आपण काय करतो? जी वस्तू रोज लागते ती विकत नाही. कोपऱ्यात पडून असलेली आधी मोडीत काढतो. शरीराचा कारभार असाच चालतो. खाणे कमी पडले की ते साठ्यातली चरबी काढते, पण ज्या स्नायूंकडून जड काम घेतले जात नाही तेही मोडीत काढते. स्नायू सांभाळायला खर्च येतो, मग बिनकामाचे कशाला सांभाळायचे? ताकदीच्या व्यायामाचे वजन उतरवण्याच्या काळातले खरे काम एवढेच, की हे स्नायू अजून लागतात असा निरोप शरीराला आठवड्यातून दोन-तीनदा मिळत राहावा.

अमेरिकेत ६५ वर्षांवरील १६० स्थूल माणसांवर झालेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. वजन उतरवणाऱ्या तिन्ही गटांचे वजन सुमारे ९ टक्क्यांनी घटले. पण ज्यांनी फक्त चालण्यासारखा दमसासाचा व्यायाम केला त्यांचे चरबीविरहित वजन ५ टक्क्यांनी घटले. ज्यांनी ताकदीचा व्यायाम केला त्यांचे २ टक्क्यांनी. आणि दोन्ही करणाऱ्यांचे ३ टक्क्यांनी. एकूण हालचाल-कामकाज सर्वांत जास्त सुधारले ते दोन्ही करणाऱ्यांचे. तेव्हा चालणे सोडू नये, पण नुसत्या चालण्यावर विसंबूनही राहू नये.

वजन तेच ठेवा, फेऱ्या कमी करा

आता मुख्य मुद्दा. व्यायामशाळेत जाणाऱ्या आपल्या तरुणांत एक समज पक्का आहे. वजन उतरवायचे तर जड लोखंड सोडायचे, हलके डंबेल घ्यायचे आणि पंचवीस-तीस वेळा मारायचे, म्हणजे अंगाला 'कटिंग' येते. हा समज उलटा आहे. चरबी उतरते ती मुख्यतः खाण्यातल्या कपातीमुळे. जड वजनाने कमावलेली ताकद जड वजनानेच टिकते. ते काढून घेतले की शरीराला निरोप जातो, की आता एवढ्या स्नायूंची गरज उरली नाही.

दुसरी चूक याच्या विरुद्ध टोकाची. खाणे निम्म्यावर आणायचे आणि व्यायाम दुप्पट करायचा. खाण्यात कपात असताना झीज भरून निघायला वेळ लागतो. दोन दिवसांत उतरणारा अंगाचा ठणका चार दिवस राहतो. अशा वेळी सहा दिवस तास-तास लोखंड उचलले तर सांधे धरतात, झोप उडते आणि माणूस महिन्याभरात सगळेच सोडून देतो.

बदल करायचा तो असा. उचलायचे वजन शक्यतो तेच ठेवावे, फेऱ्या मात्र कमी कराव्यात. जिमची मुले जिला सेट म्हणतात तीच ही फेरी. एका प्रकाराच्या चार फेऱ्या करत असाल तर दोन करा. आठवड्यात चार दिवस जात असाल तर दोन किंवा तीन दिवस जा. दोन फेऱ्यांमध्ये दोन-तीन मिनिटे विसावा घ्या. अंगात अजून एक-दोन वेळा उचलण्याची ताकद शिल्लक असताना थांबा; हात थरथरेपर्यंत ओढू नका.

एवढ्याने ताकद टिकेल का, ही शंका रास्त आहे. अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम इथल्या केंद्रात झालेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात माणसांकडून आधी १६ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस व्यायाम करून घेतला. नंतर ३२ आठवडे काहींचा व्यायाम एक-तृतीयांशावर आणि काहींचा एक-नवमांशावर आणला. वजन मात्र जडच ठेवले. तरुणांचे स्नायू एवढ्यावरही टिकले. साठी ओलांडलेल्यांची ताकद बरीचशी टिकली, पण स्नायू काही प्रमाणात घटले. ही माणसे खाणे कमी करत नव्हती, म्हणून आपण एक-नवमांशापर्यंत जाऊ नये. निम्म्यावर थांबावे, आणि वय साठीच्या पुढे असेल तर फेऱ्या त्याहून कमी करू नयेत.

ज्यांनी आजवर ताकदीचा व्यायाम केलाच नाही त्यांना मात्र वजन उतरत असतानाही ताकद वाढल्याचा अनुभव येतो. त्यांनी हलक्यापासून सुरुवात करून दर आठवड्याला थोडे वाढवावे.

जोर-बैठका करणाऱ्यांसाठी

लोखंड परवडत नाही म्हणून घरीच जोर-बैठका काढणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या बाबतीत एक गंमत होते, ती सहसा कुणी सांगत नाही. साध्या सरळ जोरात शरीराच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भार हातांवर येतो. माणूस ९० किलोचा असेल तर हातांवर ६० किलो. तोच ७८ किलोवर आला की ५२ किलो. म्हणजे जोरांची संख्या तीच ठेवली तरी व्यायाम आपोआप आठ किलोंनी हलका झाला! पायांचेही असेच. जे पाय दिवसभर ९० किलो वाहत होते त्यांना आता १२ किलो कमी वाहावे लागतात.

म्हणून उतरलेले वजन व्यायामात परत घालावे. पोरांच्या दप्तरात पुस्तके किंवा पाण्याच्या बाटल्या भरून ते पाठीला बांधावे आणि बैठका काढाव्यात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे हिशेब सोपा आहे. दप्तर नको असेल तर जोर सावकाश काढावा: खाली जायला तीन अंक, क्षणभर थांबणे, मग वर. शंभर-दोनशे झटपट बैठकांनी दम वाढतो, ताकद फारशी नाही. दप्तर घेऊन किंवा सावकाश काढलेल्या दहा-बारा बैठकांच्या दोन फेऱ्या या कामाला अधिक उपयोगी पडतात.

घरच्या घरी पाच प्रकार पुरतात. बैठक, जमिनीवरून पाण्याचा डबा पाठ ताठ ठेवून उचलणे, जोर, आणि ते जमत नसतील तर ओट्यावर किंवा भिंतीवर हात टेकवून काढलेले जोर, एका हाताने भरलेली पिशवी कमरेपर्यंत ओढणे, आणि दोन्ही हातांत सारखे वजन घेऊन चालणे. सगळे मिळून अर्धा तास. कोणत्याही प्रकारात श्वास कोंडून धरू नये, उचलताना सोडावा.

"आम्ही तर दिवसभर ओझीच उचलतो, आम्हांला व्यायाम कशाला?" असे आमचे हमाल आणि बांधकामावरचे बंधू विचारतात. प्रश्न बरोबर आहे. ज्या दिवशी अंग कामावर मोडले आहे त्या दिवशी वर व्यायाम करूच नये. पण कामात तेच ओझे, त्याच खांद्यावर, त्याच कमरेवर पडते. बाकीचे स्नायू तसेच राहतात. त्यांनी सुटीच्या दिवशी आणि आणखी एका हलक्या दिवशी वीस-वीस मिनिटे, कामात न वापरल्या जाणाऱ्या बाजूंना द्यावीत. ओढण्याचे प्रकार आणि दोन्ही हातांत सारखे वजन घेऊन चालणे त्यांना विशेष उपयोगी.

किती वेगाने उतरवावे?

नॉर्वेच्या खेळाडूंवरील एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. एका गटाने आठवड्याला शरीराच्या वजनाच्या ०.७ टक्के वेगाने वजन उतरवले, दुसऱ्याने १.४ टक्के वेगाने. ताकदीचा व्यायाम दोघांनाही होता आणि शेवटी उतरलेले वजनही जवळपास सारखेच. पण सावकाश उतरवणाऱ्यांचे चरबीविरहित वजन २.१ टक्क्यांनी वाढले. घाई करणाऱ्यांचे वाढले नाही. ७५ किलोच्या माणसाला याचा अर्थ आठवड्याला सुमारे अर्धा किलो. महिन्याला दोन किलो ही गती ऐकायला कमी वाटते, पण सहा महिन्यांत बारा किलो होतात आणि माणूस कामावर उभा राहतो.

झोपेचा हिशेबही यात येतो. शिकागो विद्यापीठाच्या २०१० च्या एका छोट्या प्रयोगात दहा माणसांना तेच मोजके अन्न देऊन दोन आठवडे साडेआठ तास आणि दोन आठवडे साडेपाच तास झोपायला दिले. वजन दोन्ही वेळा सारखेच उतरले. पण पुरेशा झोपेत १.४ किलो चरबी गेली, अपुऱ्या झोपेत फक्त ०.६ किलो, बाकीचे स्नायूंसकट इतर वजन गेले. रात्रपाळी करणाऱ्यांना आठ तास सलग झोप मिळणे कठीण, हे आम्ही जाणतो. निदान पाळी बदलण्याच्या आठवड्यात व्यायाम अर्धा करावा आणि वाचलेला वेळ झोपेला द्यावा. घरच्यांनीही दिवसा झोपलेल्या माणसाच्या खोलीत टीव्ही लावू नये.

ताटात काय असावे?

स्नायूंची डागडुजी प्रथिनांनी होते. साध्या निरोगी माणसाला रोज दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात, असे आपल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे मान आहे. वजन उतरवताना व्यायाम करणाऱ्याने १.२ ग्रॅमपर्यंत जावे. ७५ किलोच्या माणसाला ९० ग्रॅम. त्यासाठी महागडी पावडर लागत नाही. तीन भाकऱ्यांतून सुमारे १८ ग्रॅम, मोठी वाटीभर घट्ट डाळीतून १३, तीन अंड्यांतून १८, कालवणातल्या ५० ग्रॅम सोयाबीन वडीतून २६, मूठ-दीड मूठ फुटाण्यांतून १० आणि वाटीभर दह्यातून ६. बेरीज झाली ९१. अंडी नसतील त्या दिवशी मटकीची उसळ, चिकन, वजडी किंवा मासळी घ्यावी. सुक्या बोंबील-सुकटीत वजनाच्या निम्म्याहून अधिक प्रथिने असतात. मात्र रक्तदाब असलेल्यांनी सुकी मासळी भिजवून दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यावी, कारण तिच्यात मीठ फार असते.

कपात करायची ती गोड चहा, बिस्किटे, फरसाण, वडापाव, तळण आणि दारू यांत. मग भाकरी-भातात थोडी. डाळ आणि अंडी कापून भाताचा ढीग तसाच ठेवणे हा उलटा कारभार होय. अंगमेहनतीच्या दिवशी भूक जास्त लागली तर एखादी भाकरी वाढवण्यात काही वावगे नाही.

आमच्या भगिनींना इथे वेगळे सांगायचे आहे. घरात अंडी आणि मासळी आधी पुरुषांच्या आणि मुलांच्या ताटात पडते, आणि उरलेल्या रश्शाबरोबर बाई जेवते. वजन तिचेही वाढलेले असते, पण ते भाताने आणि साखरेच्या चहाने. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षांच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. अशा बाईने उपास करून वजन उतरवायला घेतले तर ती चक्कर येऊन पडेल. तिने आधी सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्यावे, आणि ताटातला प्रथिनांचा वाटा मोजून, सर्वांबरोबर घ्यावा. लोखंड उचलल्याने बाईचे अंग पुरुषी होते ही भीतीही मनातून काढून टाकावी. हंडा-कळशी उचलणाऱ्या हातांना दहा किलोचे ओझे नवे नाही.

हे मात्र आधी पाहा

इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खाणे कमी करण्यापूर्वी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्यावा. नाहीतर व्यायाम करताना साखर एकदम खाली येऊन घाम, थरथर आणि शुद्ध हरपण्याची वेळ येते. खिशात साखरेची पुडी असावी. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने मनाने वाढवू नयेत. छातीत दुखणे किंवा धाप असलेल्यांनी जड वजनाला हात लावण्यापूर्वी तपासणी करावी. २०२५ पासून वजन उतरवण्याची नवी इंजेक्शने आपल्याकडेही मिळू लागली आहेत. ती ज्यांना डॉक्टरांनी दिली त्यांची भूक मरते, म्हणून त्यांना प्रथिनांची आणि ताकदीच्या व्यायामाची गरज अधिकच असते.

आणि काही न करता वजन आपोआप उतरत असेल तर आनंद मानू नका. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप आणि घटते वजन ही क्षयाची लक्षणे असू शकतात. सरकारी दवाखान्यात ही तपासणी आणि औषधे मोफत मिळतात.

मुलांची जुनी वही घ्या आणि तिच्यात आठवड्यातून एकदा तीन गोष्टी लिहा: सकाळचे वजन, बेंबीपाशी कमरेचे माप, आणि नेहमीच्या दोन-तीन प्रकारांत किती वजन किती वेळा उचलले. वजन आणि कंबर उतरत आहे, पण उचलण्याचा आकडा तिथेच आहे, तर तुमचे बरोबर चालले आहे. या काळात ताकद टिकणे हेच यश. उचलण्याचा आकडा एखाद्या आठवड्यात थोडा खाली आला तर घाबरू नका. पण सलग तीन आठवडे तो घसरत असेल, तर व्यायाम वाढवू नका. रात्रीची एक भाकरी आणि एक अंडे ताटात परत घ्या, झोप वाढवा आणि वजन उतरण्याची गती कमी करा. हवे तेवढे वजन उतरले की कमी केलेल्या फेऱ्या महिन्याभरात एकेक करून पुन्हा वाढवा. वही नवरा-बायकोने मिळून ठेवली तर आणखी चांगले. एकाचा आकडा घसरला की दुसऱ्याच्या लवकर लक्षात येतो.